बंप स्टॉकचा निकाल विकला गेलेला नाही, कायदाच तोकडा आहे

ह्यूस्टनकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'बंप स्टॉकवरची बंदी उठवणारे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे सहा न्यायाधीश बंदूकवाल्यांना विकले गेलेत.' निकाल न वाचता असं लिहिलेलं सहन होत नाही, म्हणून हा धागा. बंप स्टॉक म्हणजे गोळ्या भराभर सुटाव्यात म्हणून रायफलला लावायचा सरकता दस्ता. तो चांगला की वाईट, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. १९३४च्या कायद्यात मशीनगन म्हणजे चापाच्या एकाच क्रियेत आपोआप एकाहून जास्त गोळ्या झाडणारी. बंप स्टॉक लावला की धक्क्याने बंदूक मागे सरकते, दुसऱ्या हाताने पुढे रेटली की चाप बोटावर पुन्हा आपटतो. दर गोळीला चाप नव्याने दबतो. जस्टिस थॉमस यांनी २०२४च्या निकालात चापाच्या आकृत्या छापून हेच दाखवलंय. एटीएफने, म्हणजे बंदुकांचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्याने, आधी स्वतःच 'ही मशीनगन नाही' अशी पत्रं दिली आणि २०१८मध्ये नियम फिरवला. काल कायदेशीर असलेली वस्तू आज घरात सापडली तर तुरुंग? तेही संसदेला न विचारता?

नागपूरची_वकील: अहो, बोट जागचं हलत नाही, नेम धरणाऱ्याने एकदाच रेटा दिलाय आणि गोळ्या सुटतच राहतात. माणसाच्या दृष्टीने क्रिया एकच. बदकासारखं चालतं, पोहतं, ओरडतं ते बदकच, असं जस्टिस सोटोमायोर यांनी विरोधी मतात लिहिलंय. लास वेगसला २०१७मध्ये बंप स्टॉक लावलेल्या बंदुकांनी हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून हजारावर गोळ्या खालच्या गर्दीत गेल्या, साठ माणसं मेली. तुम्ही आकृत्या दाखवताय.

कोकणातला_शेतकरी: कायदेशीर वस्तू एका सहीने जाते म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. बाबांकडे शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक. दारू भरा, छर्रे घाला, गजाने ठासा, मग एक बार. तीसुद्धा निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. २०२४ला विधानसभेची आचारसंहिता लागली ती भात कापणीच्या तोंडावर. डुकरांनी एका रात्रीत खालचा वाफा लोळवला. बाबा सकाळी बांधावर उकिडवे बसून आडवी पडलेली लोंबं हाताने उभी करत होते.

डॅलसची_आई: इथे माणसं मेल्याची चर्चा चाललीय आणि तुम्ही डुकरं कसली आणता?

कोकणातला_शेतकरी: ताई, तुमच्याकडे तांदूळ दुकानातून येतो. आमचं वर्षाचं पोट त्या वाफ्यात असतं.

ह्यूस्टनकर: दादांचं विषयाला धरूनच आहे. हत्यार कुणाचं, धोका किती, हे न बघता सरसकट हुकूम.

नागपूरची_वकील: अजिबात नाही. तिथे पावती मिळते, निकाल लागला की बंदूक परत मिळते. एका बाराच्या बंदुकीशी याची तुलना करू नका.

कोकणातला_शेतकरी: परत मिळाली. कापणी उरकल्यावर.

नागपूरची_वकील: बरं, कापणीपुरती सूट असायला हवी, एवढं मान्य. त्यापुढे नाही.

डॅलसची_आई: माझी मुलगी पहिलीत आहे. चालताना लुकलुकणारे बूट तिला फार आवडायचे. यंदा दुकानात नको म्हणाली. शाळेत दिवे बंद करून कोपऱ्यात लपायचा सराव करून घेतात, तेव्हा बूट चमकले तर 'वाईट माणसाला' आपण दिसू, म्हणाली. आता फोर्स्ड रीसेट ट्रिगरचंही तेच झालं. गोळी सुटली की तो चाप यंत्रानेच बोटाला पुढे ढकलतो. टेक्ससच्या न्यायाधीशाने २०२४मध्ये 'मशीनगन नव्हे' म्हटलं आणि मे २०२५मध्ये सरकारने ते विकणाऱ्या रेअर ब्रीड कंपनीशी तडजोड करून जप्त केलेले ट्रिगर परत द्यायचं कबूल केलं. ह्यूस्टनकर, 'संसदेने करावं' म्हणताना संसद काय करते तेही लिहा.

ह्यूस्टनकर: लिहितो. जस्टिस अलिटो यांनी निकालासोबतच्या सहमतीच्या मतात म्हटलंय की संसद कायदा बदलू शकते. काही दिवसांतच सिनेटमध्ये बंदीचं विधेयक एकमताने मंजूर करायला मांडलं, ते रिपब्लिकन सिनेटर रिकेट्स यांच्या एका हरकतीवर अडलं. निकाल बरोबर होता, यावर मी ठाम आहे.

डॅलसची_आई: आपल्या सिनेटरला फोन केलात?

ह्यूस्टनकर: नाही केला. करायला हवा होता.