मेंदूची 'लवचिकता' का चालत नाही?

फोंडेकर: पक्षाघाताच्या रुग्णांसाठी चार पानी पत्रक मराठीत करतोय. 'मेंदूची लवचिकता' लिहिलं, तपासणाऱ्या डॉक्टरांनी खोडलं. मूळ शब्द 'न्यूरोप्लास्टिसिटी', म्हणजे सरावाने, अनुभवाने मेंदू स्वतःला बदलतो तो गुण. तोच ठेवला तर आई विचारते, "मेंदवांत प्लॅस्टीक कसलें रे?" शनिवारी छपाई आहे.

मास्तर: खोडलं ते बरोबर. वेताची छडी वाकवून सोडली की सरळ होते, ती लवचिक. इथे पडलेला बाक राहतो. 'आकार्यता' लिहा.

डिचोलकर: एक झटका येऊन गेलाय बिचाऱ्याला, हा दुसरा कशाला? 'घडणक्षमता' म्हणा. ग्रीक मुळातही 'घडवण्याजोगं' हाच अर्थ, प्लॅस्टिकला नाव त्यावरूनच पडलं. आमच्या गावच्या कुंभाराला विचारा.

मास्तर: कुंभाराचं मडकं भाजलं की घडण संपली. मेंदू उतारवयातही बदलतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्येच म्हटलंय, दाबाला नमणारी, पण एका दमात न नमणारी रचना. ती छटा 'घडण'मध्ये कुठे आहे?

सांग्याची सून: नाम हवंच कशाला? सासरे घुमट या वाद्यावर नवा ताल धरतात, आठवडाभर चुकतात, मग एके दिवशी हात बसतो. 'हात बसणं', 'अंगवळणी पडणं' असताना कोश कशाला? 'सरावाने मेंदूला नवं वळण लागतं' लिहा, आजीलाही कळेल.

मास्तर: ताई, ही सवय झाली. शास्त्रात पेशींमधले जोड बदलतात.

पायलटाचा पूत: आणि सवय कुठे राहते, मास्तर? खिशात? लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट या संशोधकांनी ७९ उमेदवारांचे मेंदू आधी तपासले, आणि जे परत आले त्यांचे नंतर पुन्हा. पास झालेल्या ३९ जणांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मागचा भाग वाढला होता, नापासांचा नाही. २०११ सालचं काम. आमचे बाबा तीस वर्षं पणजीत पायलट, नकाशा कधी उघडला नाही. त्यांना कोणी तपासलं नाही एवढंच.

डिचोलकर: 'पायलट' म्हटलं की घाटावरच्यांना विमान दिसेल. 'मोटरसायकल टॅक्सीचालक' लिहा.

पायलटाचा पूत: गोव्यात राहून पिवळं मडगार्ड दिसलं नाही तुम्हाला?

फोंडेकर: अहो, शनिवार उद्यावर आला! डॉक्टरांना 'वळण' दाखवलं. म्हणाले, ते हस्ताक्षराला लागतं. मग 'न्यूरोप्लास्टिसिटी'च टाकू का?

मास्तर: मुळीच नको. आणि पायलटाला 'सारथी' चालेल.

पायलटाचा पूत: "सारथी, म्हापशाक कितले?" विचारून बघा एकदा स्टँडवर.