शब्दचर्चा : महासंगणकावरच्या ‘ट्यूनिंग’ला काय म्हणावे?

प्रश्न :
महासंगणकावर प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे लिहितो आहे. गाडी ‘परफॉर्मन्स ट्यूनिंग’पाशी, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम त्या यंत्रावर अधिक वेगाने चालेल असा करण्यापाशी, अडली आहे. ‘इष्टतमीकरण’ लिहून पाहिले, ‘समायोजन’ही लिहून पाहिले. वर्गात मोठ्याने वाचले, पण कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहिले नाही. सरळ ‘सुधारणा’ म्हणावे का?

प्रतिसाद :
‘सुधारणा’ नको. सुधारणा म्हटले की आधी काहीतरी चुकले होते असा अर्थ होतो. ट्यूनिंग करायला घेतलेल्या प्रोग्रॅमचे उत्तर बरोबरच असते, ते फक्त उशिरा येते.

मॅट्रिक्सचा, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांचा, गुणाकार घ्या. सी भाषेत मॅट्रिक्स ओळीमागून ओळ अशी मेमरीत मांडलेली असते. शाळेत शिकवतात तसा आडव्या ओळीचा उभ्या स्तंभाशी गुणाकार केला, तर स्तंभातून खाली उतरताना दर पावलाला अख्खी ओळ ओलांडावी लागते. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही, बहुतेक यंत्रांत तो एका खेपेला 64 बाइट आणतो. म्हणजे डबल प्रिसिजनचे (प्रत्येकी 8 बाइटचे) 8 आकडे. त्यातला एक वापरला जातो आणि मॅट्रिक्स मोठी असेल तर उरलेल्या सातांची पाळी येईपर्यंत ते कॅशमधून, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीतून, बाहेर पडलेले असतात. गुणाकार करताना एकात एक तीन लूप (तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणारे भाग) असतात, त्यातल्या आतल्या दोन लूपांची अदलाबदल केली की आठही आकडे ओळीने कामी येतात आणि वेळ कित्येक पटींनी उतरतो. गणित तेच, उत्तरही तेच.

आता हाच लूपांचा क्रम फोर्ट्रानमध्ये नेला तर पुन्हा रडगाणे, कारण फोर्ट्रान स्तंभामागून स्तंभ मांडते. हवामानाची बरीच मोठी प्रारूपे फोर्ट्रानमध्ये आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2018 साली आलेल्या ‘प्रत्युष’सारख्या महासंगणकावर काम करणाऱ्याला हा फरक रोज सांभाळावा लागतो. प्रोग्रॅम चांगला की वाईट हे इथे एकट्याने ठरत नाही, त्याचे यंत्राशी जुळते का हे पाहावे लागते. म्हणून मी ‘जुळवणी’ म्हणेन.

प्रतिसाद :
‘जुळवणी’ला माझी हरकत आहे. कारखान्यात सुटे भाग जोडतात ती जुळवणी. छापखान्यात अक्षरांचे खिळे लावायचे, तीही अक्षरजुळणीच. ‘महासंगणकाची जुळवणी’ असे वाचले तर मला रॅकमध्ये नोड, म्हणजे महासंगणकातले एकेक संगणक, बसवणारी माणसे दिसतील.

प्रतिसाद (जुळवणीवाला) :
हरकत रास्त आहे, पण ती ‘महासंगणकाची जुळवणी’ या प्रयोगाला लागू होते. ‘प्रोग्रॅम यंत्राशी जुळवणे’ असे लिहा, गोंधळ होणार नाही. तंबोरा जुळवला म्हटल्यावर भोपळा आणि दांडी जोडली असे कुणी समजत नाही!

तंबोऱ्याकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. आधी खुंटी पिळून तार स्वराच्या जवळ आणतात. मग घोडीखालचा मणी केसभर सरकवून स्वर नेमका करतात. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा भरदार झंकार, उघडतात. दर वेळी एकच गोष्ट हलवायची आणि ऐकायचे. आमच्या कामातही हेच आहे. कंपाइलरचे (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या साधनाचे) पर्याय ही खुंटी. मॅट्रिक्सचे तुकडे पाडताना तुकडा केवढा ठेवायचा, हा मणी. 32 बाय 32 चा तुकडा 8 केबीचा होतो, गुणायच्या दोन आणि उत्तराची एक अशा तिन्ही मॅट्रिक्सचे तुकडे मिळून 24 केबी, म्हणजे 32 केबीच्या कॅशमध्ये मावतात. 64 बाय 64 चा एकच तुकडा ती कॅश भरून टाकतो. आणि ऐकणे म्हणजे प्रोफायलर, प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते दाखवणारे साधन.

मिरजेत तयार झालेला तंबोरा गवई बदलला की नव्या पट्टीत जुळवावा लागतो, त्यात तंबोऱ्याचा दोष नसतो. यंत्र बदलले की प्रोग्रॅमचेही तसेच. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा महासंगणक ‘परम 8000’ 1991 साली आला, त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना निरोप पाठवत काम करत. त्या यंत्रासाठी बेतलेला प्रोग्रॅम आजच्या यंत्रावर तसाच वेगाने धावेल ही अपेक्षा कशी ठेवणार? ‘इष्टतमीकरण’ मला खटकते ते याचसाठी. त्यात आता याहून चांगले नाही असा दावा आहे, आणि तो पुढच्या यंत्रापर्यंतही टिकत नाही.

प्रतिसाद (हरकत घेणारा) :
क्रियापद म्हणून मान्य. नाम वापराल तिथे मात्र ‘कशाशी’ हे लिहाच. ‘कॅशशी जुळवणी’, ‘नेटवर्कशी जुळवणी’. नुसती ‘जुळवणी’ लोंबकळते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. टिपणातले वाक्य आता असे केले आहे : ‘उत्तर बरोबर आहे याची खात्री झाल्यावर प्रोग्रॅम यंत्राशी जुळवून घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा आणि दर बदलानंतर वेळ मोजावा.’ धड्याचे नाव ‘यंत्राशी जुळवणी’. ‘कॅश’, ‘लूप’, ‘नोड’ आहेत तसेच ठेवतो. ‘थ्रेड’ला (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या शाखांपैकी एक) ‘धागा’ लिहू का, हे अजून ठरत नाही.

प्रतिसाद :
लिहा. ‘धागा अमुक कोअरला बांधला’ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) हे वाक्य मुलांना पहिल्या वाचनात कळते, मी वर्गात वापरून पाहिले आहे.