‘दुखणं अंगावर काढणं’ : अर्थ आणि वापर

शहादेकर
आशाताईंच्या प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत लावतोय. मसुद्यात एक वाक्य आहे : ‘दुर्गम भागातील महिला आजार अंगावर काढतात, त्यामुळे रक्तक्षय बळावतो.’ व्याकरणात खोट नाही, पण वाचताना खटकतं. दुसरा शब्द सुचतो का? शिवाय ‘हेल्थ इनइक्वालिटी’ आणि ‘हेल्थ इनइक्विटी’ या दोन्हींना सरसकट ‘आरोग्य असमानता’ लिहिलंय. चालेल का?

तापीकाठ
यातलं ‘काढणं’ म्हणजे दिवस काढणं, दुष्काळ काढणं यातलंच. निभावून नेणं. इलाज न करता दुखणं सोसायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं, एवढाच अर्थ. त्यात दोष नव्हता. तो चिकटला डॉक्टरांच्या तोंडी पडून. ‘अंगावर काढू नका’ म्हणताना समोरच्याला दुसरी वाट आहे असं धरलेलं असतं. अहवाल लिहिणाऱ्यांनी त्यातून ‘निष्काळजीपणा’ काढला.

चोपड्याची लेक
दादा, वाट असते कुठे? आमच्याकडे कापूसवेचणी किलोवर. ओटी बांधून सकाळी शेतात शिरायचं, संध्याकाळी काट्यावर माप. अंगात ताप असला की बाईची ओटी निम्मीच भरते, पण घरी बसली तर तेवढीही नाही. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, चांगलंच झालं. पण जीपचं भाडं आणि बुडालेला रोज कोण देणार? बांधावर तिला कुणी ‘कसं शे?’ विचारलं तर ती ‘बरं शे’च म्हणते. ताप असला तरी.

ऊसतोडीला गेलेल्यांचं आणखी अवघड. तिथे दांडीला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये एवढा गाजला, त्यात हा खाडाही होताच.

तापीकाठ
मग शब्द बदलू नका, क्रियापद बदला. ‘अंगावर काढतात’ ऐवजी ‘अंगावर काढावा लागतो’. कर्ता ‘महिला’ होता, तो ‘महिलांना’ झाला, की वाचणारा आपोआप विचारतो, का लागतो? मराठीत ही सोय फुकट आहे. सरकारी मजकुरात मात्र ती कुणी वापरताना दिसत नाही.

यावलचा मास्तर
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘असमानता’ किंवा ‘तफावत’ नुसता फरक सांगते. ‘विषमता’ म्हटलं की त्यात अन्याय येतो, कारण आपल्याकडे हा शब्द सामाजिक चळवळीतून आला आहे. ब्रिटिश आरोग्य संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास ‘इनइक्विटी’ची ओळख सांगितली ती अशी : जो फरक टाळता येण्यासारखा आहे, अनावश्यक आहे आणि अन्याय्य आहे.

आपल्याकडचा दाखला सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. भिल्ल, पावरा समाजात हा आजार जास्त आढळतो. तो आईबापांकडून येतो, म्हणून एवढ्यापुरती ती ‘तफावत’. पण तपासणी उशिरा होणं, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या महिनोन्‌महिने न मिळणं, रक्त चढवायला धडगावहून थेट नंदुरबार गाठावं लागणं आणि पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तेही अडणं, ही ‘विषमता’. रोग एकच, शब्द दोन लागतात.

अमळनेर
‘पंक्तिप्रपंच’ कसा वाटतो?

यावलचा मास्तर
गोड आहे, पण पंक्तीत वाढणारा समोर दिसतो. इथे वाढणारा कोण, हाच तर वाद आहे.

धुळ्याचा
माझा आक्षेप वेगळा आहे. ‘विषमता’ म्हटलं की लोकांना दोनच टोकं दिसतात, एकीकडे मुंबईचा श्रीमंत आणि दुसरीकडे सातपुड्यातला पाडा. मधले सगळे सुटतात. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात उपाशी कुणीच नव्हतं, पगार सगळ्यांना होता. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट निघालं. आणि मधल्या प्रत्येक पायरीला वरच्या पायरीपेक्षा जास्त. पुढे मायकेल मार्मट यांच्या आयोगाने २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला अहवाल दिला. ग्लासगोच्या एका वस्तीतल्या मुलाचं अपेक्षित आयुष्य तेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या वस्तीतल्या मुलापेक्षा २८ वर्षांनी कमी, हे उदाहरण तेव्हाचंच. या पायऱ्यांना मी ‘उतरंड’ म्हणेन.

तापीकाठ
उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. मोठं मडकं खाली, लहान वर, आणि सगळ्यांचा भार तळाच्या मडक्यावर. शब्द नेमका बसतो. ‘आरोग्याची उतरंड’ लिहा. ‘सामाजिक प्रवणता’ असलं काही लिहू नका, आशाताई पुस्तिका मिटून ठेवतील.

चोपड्याची लेक
आणखी एक. ‘अंगावर’ हा शब्द जपून वापरा. बायका ‘अंगावरून जातं’ म्हणतात तेव्हा त्या पाळीतल्या जास्त रक्तस्रावाबद्दल किंवा पांढरं जाण्याबद्दल बोलत असतात. पुस्तिका रक्तक्षयावर आहे म्हणून सांगते : ‘अंगावर काढते’ आणि ‘अंगावरून जातं’ यांची गल्लत झाली तर खरं कारणच नोंदवहीत येणार नाही. दोन्ही वेगळे लिहा, आणि दुसरं आधी विचारायला सांगा.

शहादेकर
ताई, हे मसुद्यात कुठेच नव्हतं. वाक्य आता असं केलंय : ‘दवाखाना लांब आणि रोज बुडतो, म्हणून अनेक महिलांना आजार अंगावर काढावा लागतो.’ शीर्षकात ‘आरोग्य विषमता’, आकडे जिथे नुसते शेजारी ठेवलेत तिथे ‘तफावत’.

धडगाव
ठीक आहे, पण आमच्याकडे हे वाक्य पावरीत सांगावं लागेल. छापायच्या आधी पाड्यावरच्या दोघी-तिघींना वाचून दाखवा, त्या काय म्हणतात ते इथे लिहा.