शब्दचर्चा: ‘अस्मिता’ म्हणाला की म्हणाली?

प्रश्न: ‘सेंट सेया: द लॉस्ट कॅन्व्हस’ या जपानी मालिकेतला कन्या राशीचा सुवर्णयोद्धा पुरुष आहे, पण नाव अस्मिता. मराठी सबटायटलमध्ये हे नाव कसं चालवावं? आणि ‘मराठी अस्मिता’तला अर्थ इथे लागू होतो का?

उत्तर: नाही होत. भाषेचा किंवा प्रांताचा अभिमान हा अर्थ अलीकडचा. योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी दुसरा, अविद्येच्या लगेच नंतरचा. व्याख्या दुसऱ्या पादातल्या सहाव्या सूत्रात (२.६) आहे: ‘दृग्दर्शनशक्त्योरेकात्मतेवास्मिता’. पाहणारा आणि पाहण्याची शक्ती ही दोन एकच भासणं, ती अस्मिता. आणि हा योद्धा अंध आहे! हे लक्षात ठेवून त्याचे संवाद पुन्हा ऐका, फार सुंदर उलगडतात.

जपानीत नाव ‘आसुमिता’ असं लिहितात, त्यातला उ जेमतेम ऐकू येतो. शेवटी दीर्घचिन्ह नसल्यामुळे ‘अस्मित’ही वाचता येईल आणि लिंगाची अडचण मिटेल. तरी तसं करू नये. अस्मित म्हणजे न हसणारा. क्लेशाचा अर्थ हातचा जातो.

चालवताना विशेषनामाचं सामान्यरूप करू नका. ‘अस्मितेने १०८ मण्यांची माळ घडवली’ हे भाववाचक वाटतं, जणू अभिमानानेच माळ ओवली. ‘अस्मिताने’, ‘अस्मिताला’ लिहा आणि क्रियापद पुल्लिंगी ठेवा: ‘अस्मिता म्हणाला’. पहिल्याच प्रवेशात ‘कन्या राशीचा अस्मिता’ आलं की वाचक अडखळत नाही.

पुरवणी: ‘लॉस्ट कॅन्व्हस’ ही मूळ ‘सेंट सेया’ची प्रीक्वेल; ‘प्रीक्वेल’ला पूर्वकथा म्हणावं. पूर्वपीठिका नको, तिला प्रस्तावनेचा वास येतो. मात्र ‘एक पूर्वकथा’ म्हणा. शिओरी तेशिरोगी यांची ही मांगा (जपानी चित्रकथा) २००६ मध्ये सुरू झाली आणि मूळ मालिकेचे कर्ते मासामी कुरुमादा यांनीही त्याच सुमारास ‘नेक्स्ट डायमेन्शन’मध्ये हिच्यातलंच युद्ध वेगळ्या तऱ्हेने मांडायला घेतलं. युद्ध मूळ कथेच्या २४३ वर्षं आधीचं. त्यातून दोको आणि शिओन हे दोन योद्धे वाचतात हे मूळ मालिकेच्या वाचकाला आधीच ठाऊक असतं. बाकीच्यांच्या साध्या निरोपालाही त्यामुळेच धार येते. तिथे भाषांतरात अलंकार चढवू नयेत.

प्रश्न: योद्ध्याच्या आतल्या शक्तीला मालिकेत ‘कॉस्मो’ म्हणतात. तिला मराठीत ‘पिंड’ का म्हणू नये? ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ अगदी चपखल आहे.

उत्तर: कल्पना म्हणून चपखल आहे, खरंच. जपानीत लिहितात ‘लहान विश्व’ या अर्थाची अक्षरं आणि वाचतात ‘कोसुमो’. पण ही आरोळी आहे, योद्धा ती मरणाच्या दारात देतो. ‘पेट, माझ्या पिंडा!’ ऐकल्यावर मराठी कानाला दहाव्याचा भात आणि कावळा आठवणार. ‘पेट, माझ्या कॉस्मो!’ असंच ठेवा. पिंड-ब्रह्मांड गुरु शिष्याला समजावतो त्या शांत संवादात वापरा, तिथे तो शोभतो.