देवळं पाहायला तिथलाच माणूस सोबत घेतला होता का? अनुभव सांगा

दिवाळीत आईला घेऊन विदर्भात फिरायचं ठरतंय. आई ७२ वर्षांची, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. शिवाय नवरा, दहावीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि मी. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा नक्की. जमलं तर रामटेक आणि आईच्या हट्टाखातर मार्कंडा.

माझं माहेर अकोल्याचं. लोणारला शाळेच्या सहलीत गेले होते. दैत्यसूदनाच्या देवळात पंधरा मिनिटांत आत-बाहेर केलं आणि सगळ्या पोरी गाडीत डबे उघडून बसलो. देऊळ काही आठवत नाही, मैत्रिणीच्या डब्यातली सांबारवडी आठवते. मुलांचं तसं होऊ नये म्हणून विचारतेय. गाइड घेतला होता का? कसा मिळाला, किती दिले? त्याच्यामुळे असं काय दिसलं, जे एरवी दिसलंच नसतं? फसला असाल तर तेही लिहा. ऐकीव नको, स्वतःचं सांगा.

*

लोणार, मागच्या डिसेंबरातलं

आम्हीही पंधरा मिनिटांतच निघालो होतो. दैत्यसूदनाच्या दारात एक पस्तिशीचा माणूस उभा होता, हातात आरसा. दाढीला घेतात तसला, हिरव्या प्लॅस्टिकच्या चौकटीचा. मला वाटलं विकायला आणलाय. म्हणाला, "ताई, आतमंधी अंधार हाय. वरतं पाह्यल्याबिगर जाऊ नका." देऊळ आणि सरोवर मिळून पाचशे रुपये सांगितले. मी चारशे म्हटलं, तो हसला आणि पाचशेच म्हणाला.

त्याने माझ्या मुलाला बाहेर उन्हात उभं करून आरसा त्याच्या हातात दिला. "म्या म्हणन तसा हलव." आत आम्ही सगळे माना वर करून. कवडसा आधी खांबावर थरथरला, भिंतीवरून सरकत छतावर गेला आणि काळ्या दगडातून माणसं बाहेर यायला लागली. कृष्णाच्या कथा कोरल्यात तिथे. एकेका चौकटीवर कवडसा थांबवून तो विचारायचा, "हे काय असन?" सासूबाईंनी तीन ओळखल्या, मी एकही नाही. नंतर मोबाइलच्या टॉर्चने तेच छत पाहिलं तर अगदी सपाट दिसलं. आरशाचा उजेड दारातून तिरपा येतो, त्यामुळे कोरीवकामाला सावली मिळते, हे त्याने मुलाला समजावून सांगितलं. दहा वर्षांच्या मुलाला बाहेर उभं राहिल्यामुळे स्वतः काहीच पाहता आलं नव्हतं, म्हणून मग अदलाबदल झाली आणि आरसा माझ्याकडे आला. माझा हात काही स्थिर राहिना. आतून ओरडा.

मग गोष्ट. लवणासुर खड्ड्यात राहायचा, विष्णूने दैत्यसूदन होऊन पायाच्या अंगठ्याने खड्ड्याचं झाकण उडवलं, ते ढाकेफळजवळ जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली. मुलगी म्हणाली, शाळेत तर उल्का पडली म्हणून शिकवलंय. त्याने खिशातून लोहचुंबक काढून काठावरच्या मातीत फिरवलं आणि त्याला चिकटलेली काळी भुकटी तिच्या तळहातावर झटकली. "उल्का आभायातूनच आली न बाई? अन् रागानंच आली असन." विवर सव्वा-दीड किलोमीटर रुंद असेल असं मला वाटत होतं, तर व्यास १.८ किलोमीटर निघाला. पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, तेव्हा फोटो काढणाऱ्यांची किती झुंबड उडाली होती तेही सांगितलं. त्या झुंबडीत त्याला कुणी गाइड म्हणून घेतलं नाही, सगळ्यांना फक्त पाणीच पाहायचं होतं.

तुमच्या आईंसाठी एक सांगते. खाली सरोवराकाठी कमळजादेवीच्या देवळापर्यंत उतरायचा हट्ट करू नका. उतरताना काही वाटत नाही, चढताना जीव जातो. आमच्या गाइडने सासूबाईंना आधीच विचारलं, "माय, घरी जिना चढता का?" त्या नाही म्हणाल्या. मग त्यांना वर धारेवर, गोमुखापाशी बसवलं. सरोवराचं पाणी खारट आणि इथे काठावर गोड्या पाण्याची धार. त्या दीड तास तिथेच बसल्या. आम्ही दमून वर आलो तर त्यांच्या दोन मैत्रिणी झालेल्या.

*

यवतमाळ

फसलेल्यांत आमचं नाव लिहा. एक मोठं देवस्थान, गावाचं नाव घेत नाही. पार्किंगमध्येच एकाने गाठलं, "पैशाचं काय एवढं, समजून द्या." इथेच कान टवकारायला हवे होते. देऊळ त्याने दहा मिनिटांत उरकलं आणि तासभर आम्हाला एका ओळखीच्या दुकानात, मग एका ओळखीच्या गुरुजींकडे बसवलं. बाबांच्या नावाने संकल्प सोडून झाल्यावर आकडा कळला, ११०० रुपये. बाबांना देवाच्या दारात वाद नको होता. दिले. शेवटी "समजून" म्हणजे आणखी पाचशे. आता जिथे जातो तिथे पहिलं वाक्य, "भाऊ, किती घेणार आणि काय काय दाखवणार?" विचारायला लाज वाटते खरी.

*

रामटेक. मी स्वतः हेच काम करतो

वरचं वाचून वाईट वाटलं. आमच्यातही असे आहेत, नाही कशाला म्हणू. पण पैसे आधी विचारा हे अगदी बरोबर. पैशाचं तोंड उघडायला आम्हालाही जड जाते जी. तुम्ही विचारलं की आम्ही मोकळे होतो.

मी शेतकरी आहे. शेतात काम नसलं की गडावर येतो. पहिली काही वर्षं मी पण हेच सांगत होतो की देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धं राहिलं. ते माझ्या आजानं मला सांगितलं होतं. एकदा कॉलेजची पोरं आली, त्यांचे सर सोबत. मी माझी टेप लावली. सरांनी पोरांसमोर काही म्हटलं नाही. चहाच्या टपरीवर बाजूला बसवून सांगितलं, केवल नरसिंहाच्या देवळात चुन्याच्या थराखाली शिलालेख सापडलाय, ही वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली देवळं आहेत. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा वारल्यावर पोरं लहान होती तर राज्य तिनं चालवलं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आमचं इथलं नगरधन. माझी मावशी नगरधनला दिली आहे, दर उन्हाळ्यात जात होतो, अन् मला माहीत नाही!

आता मी दोन्ही सांगतो. आधी आजाचं, मग सरांचं. बायामाणसांना प्रभावतीचं फार आवडते. एक ताई तर म्हणल्या, आमच्या सासूबाईंनाही असंच करावं लागलं, फक्त राज्य नव्हतं, दोन एकर होतं.

लेकरं सोबत असली की नरसिंहापुढे उभं करून विचारतो, हिरण्यकशिपू कुठं आहे? शोधत राहतात. मांडीवर नाही, खांबात नाही. इथला नरसिंह कोणाचं पोट फाडत नाही, हातात चक्र घेऊन निवांत बसला आहे. एकटाच, म्हणून केवल. हे मी न विचारता सांगितलं तर कोणी पाहत नाही. वराहाच्या मूर्तीच्या पोटाखालून सरकायची रीत आहे. पापी माणूस अडकते म्हणतात. ज्यांना पोटाचा घेर आहे त्यांनी आमच्यावर राग काढू नये.

वानरं आहेत. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, ओच्यात घ्या. आणि कृपा करून येताच "किती वेळ लागेल?" विचारू नका. तुम्हाला किती आहे ते सांगा, मी तेवढ्यात बसवतो.

*

चंद्रपूर

मार्कंड्याला जाताय तर उन्हाळ्यात नाही हे बरंय. आम्ही मे महिन्यात गेलो, अकरा वाजता दगडावर पाय टेकवत नव्हता. मोजे न्या. महाशिवरात्रीच्या यात्रेत तर देऊळ पाहायचं नावच काढू नका, माणसंच पाहावी लागतात.

आम्हाला माणूस मिळाला तो नारळाच्या दुकानातल्या काकूंकडून. दुकान सोडता येत नव्हतं म्हणून त्यांनी पुतण्याला हाक मारली. बावीस-तेवीसचा पोरगा. त्याने आधी देवळात नेलंच नाही, नदीवर नेलं. वैनगंगा एरवी दक्षिणेकडे जाते, इथे मात्र उत्तरवाहिनी होते, म्हणून जागा पवित्र, म्हणून इथे देवळं. आधी नदी कळली की देऊळ कळते, म्हणाला. मला हे पटलं.

गंमत पुढे झाली. मार्कंड्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात हे घरात कुणी बोललं नव्हतं. बाहेरच्या भिंतीवर देव आहेत, सुरसुंदरी आहेत, तशी जोडपीही आहेत. पोरगा आमच्या आत्याबाईंकडे बघून कावराबावरा झाला आणि एक बाजू आली की, "इकडे काही नाही जी, ऊन आहे," म्हणून पुढे काढायला लागला. तिसऱ्या वेळी आत्याबाई थांबल्या. "काहून रे, ऊन काय तिकडेच पडते?" आणि सरळ गेल्या. चष्मा पुसून सावकाश पाहिलं. परत येऊन म्हणाल्या, "दगड मऊ असन, नाही तर इतकं बारीक कसं उतरते." पोरगा सुटल्यासारखा बोलायला लागला, वालुकाश्म, अमुक, तमुक. त्याला सगळं येत होतं, फक्त आत्याबाईंसमोर कसं सांगावं हेच येत नव्हतं.

मुख्य देवळाचं डागडुजीचं काम फार लांबलंय. पाहून जीव हळहळतो. शिखर पूर्ण दिसेल अशी आस ठेवून जाऊ नका.

*

बुलढाणा

सगळीकडे गाइड कुठून मिळणार? आमच्या भागात आडरस्त्याला एकेक देऊळ उभं आहे, तिथे पाटी असेल तर नशीब. चिखलीकडच्या एका गावात गेलो, दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे? तर एका आजींकडे. त्या कापूस वेचायला गेलेल्या. तासाभराने आल्या, कमरेला ओटी तशीच बांधलेली.

कुलूप काढून त्यांनी काय सांगावं! "हे दगड नुसते बसवेल हायेत. चुना नाही, माती नाही." केसातली पिन काढून दोन दगडांच्या सांध्यात घालून दाखवली. टोकसुद्धा गेलं नाही. "माह्या घराच्या भिंतीत उंदीर ये-जा करतेत."

मी शहाणपणा करून म्हटलं, हेमाडपंती आहे ना? त्या म्हणाल्या, समदे तसंच म्हणतेत. आणि खरंच, सगळे नुसतं म्हणतातच. हेमाडपंत म्हणजे तेराव्या शतकातल्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. बिनचुन्याची देवळं त्याच्याही आधीपासून बांधत होते, पण आपण दिसलं काळ्या दगडाचं की हेमाडपंत करून टाकतो. मी इतिहासाची शिक्षिका आहे, वर्गात मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

पैसे घेईनात. फोटो मागितला, "कागदावरचा". दर्शनी खांबाला टेकून उभ्या राहिल्या, ओटीतला कापूस काढून ठेवायला तयार नव्हत्या. प्रत काढून दुसऱ्या महिन्यात एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. पोचली का, माहीत नाही.

*

वर्धा

छोटंसंच. बाबांची दृष्टी जवळजवळ गेलीय, गणिताचे शिक्षक होते. देऊळ पाहायला नेऊन काय उपयोग, असं आमचंच मत. गाइडने त्यांचा हात धरून खांबाच्या तळाशी ठेवला आणि काही न बोलता हळूहळू वर नेला. बाबा मोजत होते. चौकोन. अष्टकोन. सोळा असावेत. मग एकदम, "अरे, गोल झाला!" त्या दिवशी गाडीत नागपूरपर्यंत तोच विषय, चौकोनाचे कोपरे तासत गेलं की वर्तुळ कसं होतं.

*

मूळ प्रश्नवाली, जाऊन आल्यावर

सगळ्यांचे आभार. आरसा घरूनच नेला होता, पण त्या दिवशी नेमकं ढग. टॉर्चवर भागवलं. सपाट दिसतं, अगदी खरं आहे.

रामटेक, मार्कंडा राहिलं. लोणारला दोन दिवस गेले आणि मेहकरला शारंगधर बालाजीसमोरून आई हलेना. ती मूर्ती अकरा फुटांच्या आसपास, १८८८ मध्ये जमिनीखाली सापडलेली. मुलाला तिच्याजवळ उभं करून उंची पाहायची होती, पुजाऱ्यांनी नुसती मान हलवली.

लोणारच्या गाइडला तुम्ही सांगितल्यासारखं पहिल्याच वाक्यात विचारलं, किती घेणार, काय दाखवणार. सहाशे ठरले. मी खूश. धारेपाशी आईने त्याला गाव विचारलं, मग त्याच्या आईचं नाव, मग आजोळ. आईच्या माहेराला लागून असलेलं गाव निघालं, मधे एक नाला. त्याच्या मामाच्या लग्नात आई जेवून आलेली. झालं. संध्याकाळी पैसे द्यायला गेले तर हात मागे. "आत्याकडून घेऊ का?" मी म्हणतेय घ्या, तो म्हणतोय नाही, नवरा पाकीट उघडून उभा. शेवटी आईने माझ्या हातातल्या नोटा ओढल्या, त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबल्या आणि म्हणाली, "पोरांच्या वह्या आण. आन् आरसा नवा घे, तुहा तडकला हाय."