मल्चिंगचा कागद पाण्यात कुजतो का?

ओढ्याकाठची:
कलिंगड, मिरची, टोमॅटोचं पीक निघालं की मल्चिंगचा कागद, म्हणजे वाफ्यावर अंथरलेलं पातळ प्लास्टिक, हाताला येईल तेवढा ओढून बांधावर टाकतात. उरलेल्यावर ट्रॅक्टरचा रोटर फिरतो. वळवाचा पहिला पाऊस झाला की तुकडे ओढ्यात जातात. विचारलं तर उत्तर मिळतं, "पाण्यात पडला की कुजून जाईल."

तो कुजत नाही. हा कागद म्हणजे पॉलिइथिलीन, कार्बनला कार्बन जोडून झालेली लांबलचक साखळी. पाण्याला ती तोडता येत नाही, ऊन तोडतं. अतिनील किरणं पडली की साखळीत ऑक्सिजन शिरतो, ती जागोजागी तुटते, कागद कडक होतो आणि हाताने चुरगळला तरी भुगा होतो. पाण्यात गेल्यावर उलट हे काम मंदावतं, कारण तिथे गारवा असतो, गढूळपणा असतो, वर शेवाळ चढतं. खात्री करायची तर शेततळ्यावर जाऊन बघा. तिथे अंथरलेला ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड कागद आधी काठावर तडकतो, जिथे पाणी नसतं आणि ऊन असतं. पाण्याखालचा कितीतरी जास्त टिकतो.

म्हणजे तुकडे पडतात शेतात, पाणी ते फक्त पुढे नेतं. २५ मायक्रॉन कागदाचा एक चौरस सेंटिमीटर तुकडा घ्या. वजन अडीच मिलिग्रॅमही नाही. त्याचे २५ मायक्रॉनचे बारीक ठोकळे झाले तर १,६०,००० कण होतात. ठिबकच्या फिल्टरच्या १२० मेशच्या (इंचाला १२० छिद्रं) जाळीची छिद्रं साधारण १३० मायक्रॉनची असतात, हे कण तिच्यातून आरपार जातात.

माझं म्हणणं असं, की २५ मायक्रॉनपेक्षा पातळ मल्चिंग विकूच देऊ नये आणि वापरलेला कागद परत घेणं कंपनीवर बंधनकारक करावं.

बांधावरचा:
ताई, साखळीचं कळलं. पण दोष पुन्हा आमच्याच माथी का? शहराच्या सांडपाण्यात कपड्यांचे नायलॉन-पॉलिस्टरचे धागे येतात, रस्त्यावरचा टायरचा भुगा पावसाने नदीत जातो. त्यावर कुणी कायदा मागत नाही. मल्चिंगमुळे बाष्पीभवन कमी होतं, खुरपणीची मजुरी वाचते, तणनाशक कमी लागतं. उन्हाळ्यात विहीर तासभर चालते तिथे हा कागद काढा म्हणणं म्हणजे पीकच घेऊ नका म्हणणं.

आणि जाड कागदाचा हिशेब मी मांडतो. पाच फुटांवर एक बेड (गादीवाफा), चार फुटी कागद, एकराला २५ मायक्रॉनचा सुमारे ७० किलो लागतो. १५ मायक्रॉनचा ४०-४५ किलोत भागतो. तुम्ही प्लास्टिक कमी करायला निघालात आणि माझ्या रानात दीडपटीहून जास्त आणताय. खर्च माझाच.

ओढ्याकाठची:
दादा, मल्चिंग काढा असं मी म्हटलेलंच नाही. रानात किती किलो आलं यापेक्षा किती किलो परत उचललं गेलं, प्रश्न तो आहे. पातळ कागद हंगाम संपेपर्यंत उन्हाने इतका जीर्ण होतो की ओढला की चिंध्या होतात. चीनमध्ये वर्षानुवर्षं ८ मायक्रॉनचा कागद वापरला. शिनजियांगच्या कापसाच्या जमिनीत त्याचे थर साठले, तेव्हा २०१७ च्या मानकात किमान जाडी १० मायक्रॉन करावी लागली. आपण त्या वाटेला कशाला जायचं? जाडीच्या खर्चातला फरक अनुदानातून द्यावा, हे मात्र मला मान्य.

मृदाशास्त्र:
दोघांचाही वाद मिटवणारा मार्ग आहे: जैवविघटनशील मल्चिंग. पीबीएटी (कुजू शकणारं एक प्लास्टिक) आणि स्टार्चचा कागद नांगरून टाकायचा, गोळा करायची गरजच नाही. त्यासाठी युरोपात २०१८ पासून ईएन १७०३३ हे मानक आहे. आपल्याकडे महाग पडतो, पण अनुदान द्यायचं तर त्याला द्या.

प्रयोगशाळेतून:
इथे सावध राहायला हवं. पीबीएटीच्या साखळीत एस्टरचे जोड असतात, त्यामुळे पाणी आणि जिवाणू दोघांनाही ती तोडता येते. पॉलिइथिलीनपेक्षा हा मोठा फरक आहे. पण त्या मानकातली कसोटी मातीतली आहे: दोन वर्षांत ९० टक्के, तेही साधारण २५ अंशांच्या आसपासच्या तापमानाला. तोच तुकडा ओढ्यातून धरणाच्या गाळात गेला तर तिथे तो कुजवणारे जिवाणू तेवढे असतीलच असं नाही, तेवढी ऊबही नाही. "मातीत कुजतो" यावरून "पाण्यात कुजतो" असं ठरत नाही.

दुकानात "ऑक्सो" किंवा "आपोआप विरघळणारा" म्हणून मिळतो तो तर साधा पॉलिइथिलीनच असतो, फक्त त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते क्षार तुकडे लवकर पाडतात, म्हणजे आपल्याला नको तेच वेगाने करतात. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा मालावर बंदी घातली आहे. शेतकऱ्याने जादा पैसे मोजून हा घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि बांधावरच्या दादांना: टायर आणि कपड्यांचं खरं आहे. पण शेतातल्या कणांवर फवारणी झालेली असते. तेलकट कीटकनाशकं पॉलिइथिलीनला चिकटून बसतात आणि त्याच्याबरोबर प्रवास करतात.

बांधावरचा:
मान्य. मग आता व्यवहाराचं बोलू. मागच्या हंगामात मी कागद नीट गोळा केला. भंगारवाल्याने बघून घेतला नाही, म्हणाला, "निम्मी मातीच आहे." धुवायला पाणी कुठून आणू? शेवटी ढीग पेटवतात सगळे, धूर गावभर. परत घेण्याची सोय आधी उभी करा, तालुक्याला एक धुण्याचं केंद्र द्या, मग जाडीचा कायदा आणा. क्रम उलटा झाला तर मी विरोधातच राहणार.

ओढ्याकाठची:
क्रमाबद्दल माझा आक्षेप आहे. चिंध्या झालेला कागद कुठलंच केंद्र घेणार नाही, म्हणून जाडी आधी हवी. पण जाळण्यापेक्षा तो आडोशाला, ताडपत्रीखाली वाळवून ठेवा. माती सुकली की झटकून बरीच निघते, वजन उतरतं.

धरणाखालचा:
पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, तुकडे आधी तरंगतात. शेवाळ-जिवाणूंचा थर चढल्यावर मग बुडतात. म्हणजे पकडायची वेळ आहे ती शेतातून पाणी बाहेर पडतानाची. जपानात भाताच्या खताच्या दाण्यांवर प्लास्टिकचं आवरण असतं, त्याच्या उरलेल्या टरफलांचा असाच त्रास झाला, खाचरातून वाहत ती समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेली. तिथे चिखलणीनंतरचं पाणी बाहेर सोडू नका आणि सांडव्याला जाळी लावा, असं शेतकऱ्यांना सांगतात. आपल्या बांधाच्या सांडीला शेडनेटचा जुना तुकडा आणि पुढे एक खड्डा, एवढं या पावसाआधी करता येईल. बारीक भुगा निसटेल, पण बोटाएवढे तुकडे तरी अडतील.

बांधावरचा:
शेडनेटही प्लास्टिकच आहे, उन्हाने तेही तुटतं. त्यापेक्षा बारीक तारेची जाळी लावतो. खड्डा खणतो. कायद्याच्या क्रमावर मात्र माझं मत बदललेलं नाही.