विषय: देवमासे बघायची सहल – बोट की केप सोलँडरचा कडा? गुरुवारच्या आत कळवा

मंडळी,
बोटवाल्यांना गुरुवारी पक्का आकडा द्यायचा आहे, त्यानंतर पैसे परत मिळत नाहीत. जूनचा शेवटचा रविवार, सिडनीच्या सर्क्युलर की धक्क्यावरून. ज्येष्ठांपैकी बऱ्याच जणांचं अजून हो-नाही आलेलं नाही.
– सुनीता

सुनीता,
ज्येष्ठांशी मी बोललोय. हार्बरच्या तोंडाबाहेर पडलं की बोट डोलते आणि गेल्या खेपेचं सगळ्यांच्या लक्षात आहे. कर्नेलला केप सोलँडरवर जाऊ या. गाडीतून उतरलं की समोर समुद्र. उत्तरेकडे निघालेले हंपबॅक देवमासे त्या दिवसांत किनारा धरूनच जातात. खर्च म्हणाल तर तिथल्या नॅशनल पार्कचं गाडीमागचं शुल्क तेवढं.
– विनायक

विनायकराव,
कड्यावरून फवारा दिसतो, पाठ दिसते, बहुतेक वेळा तेवढंच. बोट शंभर मीटरवर थांबवावी लागते, पिल्लू असेल तर तीनशेवर, पण देवमासा आपणहून जवळ येतो त्याला काय करणार? मागच्या वर्षी एक आमच्या कठड्याखालून गेला. त्याचे लांबलचक पांढरे पर पाण्यातून हिरवे झळकत होते. मग शेपटी वर काढून तो खाली गेला आणि त्या जागी पाण्यावर गुळगुळीत चकती उरली, भोवती लाटा असूनही सपाट. शेपटीच्या रेट्याने पाणी खालून वर येतं, त्याने ती होते. हे आईंनी जवळून बघावं असं मला मनापासून वाटतं. ओकारीची गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.
– मेधा

ऑक्टोबरमध्ये का नाही? जूनमध्ये ते वाट कापत असतात. परतीला आया पिल्लांना घेऊन सावकाश येतात, मुलांना पिल्लांच्या उड्या बघायला मिळतील. शाळेलाही सुट्टी असते.
– केदार

केदार, ऑक्टोबरचा हॉल भोंडल्यासाठी घेतलाय. सहलीची तारीख समितीत ठरली आहे, ती इथे पुन्हा काढू नये.
– सुनीता

उड्या जूनमध्येही दिसतात. वारा वाढला, पाण्यात गोंगाट झाला की ते जास्त उसळतात, पर आणि शेपटी आपटतात. तो आवाज लांबच्या कळपापर्यंत पोचतो, असं अभ्यासक मानतात. म्हणजे बघण्यासारखा दिवस आणि पोट ढवळण्याचा दिवस एकच. म्हणून कडा.
– विनायक

विनायकराव, आपल्या कोकणच्या समुद्रातही हे असतात का? बाबा विचारतायत.
– स्मिता

स्मिता, अरबी समुद्रातले हंपबॅक वेगळे, ते ध्रुवाकडे जातच नाहीत. ओमानजवळ शंभरही उरले नसावेत. 2017 मध्ये लुबान नावाच्या मादीला ओमानला उपग्रह-यंत्र लावलं होतं, ती समुद्र ओलांडून थेट गोव्याच्या किनाऱ्याकडे आली. इथले वाचले हे नशीब. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर टँगालूमा आणि बायरन बेला 1962 पर्यंत त्यांची कत्तल चालू होती, शेवटी काही शेच राहिले होते. आता चाळीस हजारांच्या वर आहेत. बाबांना हे जरूर सांग.
– विनायक

मंडळी, विषयावर या. बोट ठरलेलीच आहे. ज्यांना झेपणार नाही ते त्याच रविवारी विनायकरावांबरोबर कड्यावर. विनायकराव, गाड्या तुम्ही जमवा. आकडे मात्र दोन्हीकडचे गुरुवारपर्यंत मलाच पाठवा.
– सुनीता

बाबा कड्यावर. दुर्बीण जास्तीची कोणाकडे आहे?
– स्मिता